जागा एक का दोन

निंबर्गीकरांनी कुणाकडे बोट दाखवलेलं मी कधी पाहिलं नाही. पत्ता सांगायचा झाला तर ते कोपरानं सांगायचे. कुणी स्टेशनचा रस्ता विचारला की हात छातीशी दुमडून, डावं कोपर पुढं काढून उभे राहायचे. विचारणारा बिचारा यांच्या हाताला काही लागलंय की काय म्हणून बघत बसायचा आणि शेवटी भलतीकडेच जायचा. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "बोट ही जबाबदारीची वस्तू आहे, प्रमिलाबाई. एकदा दाखवलं की निस्तरावं लागतं."

मिलमध्ये त्यांना पाठीमागे सगळे 'दोनबोटे' म्हणायचे, ते त्यांच्या एका प्रश्नामुळे. कुठल्याही दोन गोष्टींची नावं त्यांच्यासमोर काढा, ते मान तिरकी करणार आणि विचारणार, "जागा एक का दोन?" कँटीनमध्ये साधा चहा आणि स्पेशल चहा असे दोन भाव लावले होते. यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, जागा एक का दोन? कँटीनवाला गडबडला आणि किटली एकच आहे हे कबूल करून बसला. तेव्हापासून तो यांना बघितलं की आत जाऊन भांडी आवाज करत घासायचा.

ही आणीबाणीच्या जरा आधीची गोष्ट. आमच्या मिलनं परदेशात कुणीतरी निवृत्त केलेला एक कॉम्प्युटर आणला होता. त्याला एक बिनखिडकीची खोली दिली होती आणि खोलीला थंड हवेचं यंत्र. बाहेर सोलापूरचा उन्हाळा, डोक्यावर काही घेतल्याशिवाय गेटपर्यंत जायची सोय नाही, आणि आत आम्ही स्वेटर घालून. निंबर्गीकर प्रोग्रॅम लिहायचे. मी ते कार्डांवर भोकं पाडून उतरवायची. आई गल्लीत सांगायची की पोरगी मिलमध्ये टोचाटोचीचं काम करते, आणि बायका मला इंजेक्शनं कुठली चांगली म्हणून विचारायच्या.

त्या खोलीत मला एकटीला बसायला आवडायचं नाही. यंत्राचा एकसुरी घुमारा सतत चालू असायचा, आणि मधेच, कुणी काही केलेलं नसताना, छपाईयंत्र दोन ओळी खडखड छापून गप्प व्हायचं. टेपच्या कपाटापाशी एक कोपरा बाकी खोलीपेक्षा गार होता. आमच्या शिपायानं तिथं सिद्धेश्वराचा फोटो लावला होता आणि फोटोकडे बघतच तो तिथून जायचा.

त्या शिपायाला घाबरवण्यात निंबर्गीकरांचाच मोठा हात होता. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा बोलीत करून देणारा आणखी एक प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. निंबर्गीकर त्याला 'आतले' म्हणायचे, तेही आदरार्थी. आतले आज नाराज आहेत. आतल्यांना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. शिपायाला वाटलं, कपाटामागं खरंच कुणीतरी बसतं. तो बरेच दिवस एक चहा जास्त आणून यंत्रापाशी ठेवायचा. निंबर्गीकरांनी त्याला कधी अडवलं नाही. कप संध्याकाळी रिकामा असायचा. तो कोण पीत होतं हे मी शोधायला गेले नाही, कारण त्या कोपऱ्यात बसून पाळत ठेवायची माझी तयारी नव्हती.

या आतल्यांचा स्वभाव त्यांनी मला आमच्या फडताळातल्या डब्यावरून समजावून सांगितला होता. फडताळात एक डबा होता. आई त्याला रव्याचा डबा म्हणायची आणि मावशी आली की खिरीचा डबा म्हणायची. निंबर्गीकर म्हणाले, आता आतल्यांना सांगा, रव्याच्या डब्यात किती आहे ते बघून ठेवा. त्यांनी बघितलं. मग सांगा, खिरीच्या डब्यातून दोन मुठी काढा. काढल्या. आता विचारा, रवा किती? बिचारे पुन्हा उठणार, पुन्हा झाकण उघडणार, कारण त्यांना काय माहीत, डबा एक आहे का दोन? प्रोग्रॅममधला पॉइंटर म्हणजे नुसतं बोट. ते जागेकडे दाखवतं, जागा तिकडे लांब असते. दोन बोटं एकाच जागेवर पडलेली असतील या भीतीनं आतले पावलोपावली मागं वळून बघतात, आणि सगळा वेळ त्यात जातो.

यावर इलाज होता. आमच्या यंत्रात प्रोग्रॅमच्या आधी एक खास कार्ड घालता यायचं. त्याचा अर्थ एवढाच की ही बोटं कधीही एका जागेवर पडणार नाहीत, हा माझा शब्द. निंबर्गीकर त्याला वचनाचं कार्ड म्हणायचे. ते मला कधी टोचू दिलं नाही. हात धुऊन यायचे आणि स्वतः टोचायचे. ते कार्ड घातलं की आतले निर्धास्त व्हायचे. एकदा बघायचे, बघितलेलं हातात धरायचे आणि सुटायचे ते थेट शेवटापर्यंत. आमचं शनिवारचं काम आधी संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत रेंगाळायचं, ते जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळं व्हायला लागलं. मॅनेजरांनी खूष होऊन निंबर्गीकरांची पाठ थोपटली. ते मात्र अवघडून उभे होते.

मी विचारलं होतं, वचन खोटं निघालं तर काय होतं? ते म्हणाले, "आतल्यांचा काही दोष नाही. हातात जे धरलंय तेच ते खरं मानणार. तिकडे जागेवर काय उरलंय ते बघायला जाणारच नाहीत."

निंबर्गीकर नुसते माझे साहेब असते तर गोष्ट इथंच संपली असती. पण ते शुक्रवार पेठेत आमच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. वडील मोहोळहून येऊन मिलला लागले तेव्हा त्यांनी ते घर घेतलं होतं. ते गेल्यावर आईनं वरची खोली निंबर्गीकर नवराबायकोला दिली. सुमतीवहिनी अबोल होत्या. आईकडून लोणचं मागायला यायच्या आणि बरणी परत देताना तिच्यात हटकून काहीतरी घालून द्यायच्या. वर्षभरातच त्यांना कावीळ झाली आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या. निंबर्गीकरांनी सगळं रीतसर केलं आणि दिवस उरकल्यावर डोक्यावर टोपी घालून कामावर आले. गल्लीला फार वाईट वाटलं.

मग काही महिन्यांनी वरून आवाज यायला लागला.

"कुसुम, खिडकी लाव गं, धूळ येतीय." एवढं बोलून ते थांबायचे. उत्तर द्यायला माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ थांबायचे. मग म्हणायचे, "बरं, राहू दे उघडी." कधी हसायचे. कधी ऑफिसातली गोष्ट सांगायचे, त्यात कँटीनवाला असायचा, मी असायची. मी खाली हातात केरसुणी घेऊन जिन्याखाली उभी राहायची आणि त्या मधल्या शांततेत काही ऐकू येतंय का म्हणून कान द्यायची. काही ऐकू यायचं नाही. तरी दर वेळी मला वाटायचं की माझंच लक्ष जरा उशिरा गेलं. सकाळी गच्चीच्या कठड्यावर धुतलेले दोन कप पालथे घातलेले असायचे.

कुसुम नावाचं कुणीही आमच्या ओळखीत नव्हतं. आईनं आधी सरळ अर्थ काढला आणि एका रविवारी धान्य निवडायचं सूप घेऊन जिन्याच्या तोंडाशी ठाण मांडलं. वर जायला दुसरी वाट नव्हती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आईनं ज्वारी निवडली, डाळ निवडली, निवडलेलंच परत निवडलं. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही, आणि वरून मात्र दोनदा कुसुमला हाक आली. आई सूप घेऊन आत आली ती पांढरीफटक.

"उतरली न्हाय म्हंजे चढलीच न्हाय," ती मला म्हणाली. "मंग हाय कुटनं ती?"

त्यानंतर तिनं निंबर्गीकरांवरचा राग सोडला आणि भीती धरली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर लिंबू ठेवायला लागली. निंबर्गीकर ते उचलून, कुणाचं पडलंय म्हणून, परत आणून द्यायचे. आई ते सरबताला वापरायची नाही. आमच्या घरी त्या वर्षी खूप लिंबं साठली.

हे असंच चाललं असतं, पण मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा श्रीपूरच्या साखर कारखान्यात केमिस्ट होता. माणसं चांगली पण कडक होती. साखरपुडा आमच्या घरी व्हायचा होता, बैठक गच्चीवर, म्हणजे निंबर्गीकरांच्या दाराशी. व्याही येऊन बसलेत आणि आतून विधुर माणूस कुसुमला हाका मारतोय, हे चित्र आईच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिनं मला सांगितलं की पाहुणे यायच्या आत कुसुम कोण ते कळलं पाहिजे, नाहीतर साहेबांना खोली सोडायला सांग. तुझ्या हापिसातले हायत, तूच बोल. सोलापुरात खोल्या मिळत नव्हत्या असं नाही. पण ते त्या खोलीतून हलले तर काहीतरी मोडेल, असं मला मनातून वाटत होतं. मी आज बोलते, उद्या बोलते करत दिवस काढत राहिले.

त्याच दिवसांत मिलमध्ये नरसय्या परत आला.

नरसय्या विणाई खात्यातला विणकर. भिंतीकडचा माग त्याचा. आमच्याकडच्या तेलुगू विणकर घरांत पुष्कळांचं असतं तसं, शाळेत घातलेलं नाव नरसिंग आणि घरचं, गल्लीतलं, मागावरचं नाव नरसय्या. मिलच्या हजेरीवर तो नरसिंग होता आणि मागांच्या यादीवर नरसय्या. तो अचानक गेला. टाइम ऑफिसातून माझ्याकडे चिठ्ठी आली आणि मी कार्ड टोचलं: नरसिंग, मयत. शनिवारी काम चाललं. सोमवारी पाळी सुरू होताना खात्याच्या फळ्यावर कुठल्या मागावर कोण याची छापील यादी लागली, आणि त्यात होतं: भिंतीकडचा माग, नरसय्या.

आम्ही म्हटलं, चूक झाली. पुढच्या शनिवारी मी पुन्हा टोचलं. सोमवारी पुन्हा नरसय्या. दर शनिवारी आम्ही त्याला मयत करायचो आणि दर सोमवारी तो पाळीवर हजर असायचा.

आता यादीनंच माग त्याला दिलाय म्हटल्यावर कुठला बदली कामगार तिथं उभा राहणार? माग बंद पडून राहिला. कुणी त्यावर बिडीचं बंडल ठेवलं, कुणी लिंबूमिरची बांधली. खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर, शपथेवर सांगायला लागला की रात्रीतून कापड चार बोटं पुढं सरकलंय. एकानं नरसय्याचा खोकला ऐकला. त्या खात्यात शेजारी उभं राहून बोंब मारली तरी ऐकू येत नाही, पण खोकला म्हणे स्वच्छ ऐकू आला. मी हसत होते. पण पुढच्या शनिवारी मी मुद्दाम छपाईयंत्रापाशी उभी राहिले. त्याचं कार्ड मीच घातलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत यंत्रानं ते गिळलं होतं. यादी छापत छापत भिंतीकडच्या रांगेवर आली आणि बाकीच्या नावांसारखंच, त्याच शाईत, त्याच ठेक्यात 'नरसय्या' आलं. स्वेटरच्या आत माझ्या अंगावर काटा उभा राहिला. त्या दिवशी मी सिद्धेश्वराच्या फोटोपाशी जाऊन हात जोडले.

निंबर्गीकरांनी प्रोग्रॅमचे कागद जमिनीवर पसरले आणि ते त्यांच्यामध्ये बसून राहिले. जेवण सोडलं, कोपरानं दिशा दाखवणं सोडलं. एका दुपारी मान वर करून म्हणाले, "नरसिंग आणि नरसय्या. जागा एक का दोन?"

मी म्हटलं, एक. इतर सगळ्यांची हजेरीची नोंद वेगळ्या जागी आणि मागाची वेगळ्या जागी होती. नरसय्याचीही तशीच होती. पण टाइम ऑफिसात नवीन आलेल्या बाबूला दोन नावांचा माणूस एकच आहे हे कळलं आणि त्याला टापटिपीची फार हौस. त्यानं दोन्ही नावं एकाच जागेवर नेऊन लावली होती. कुणाला विचारलं नव्हतं.

निंबर्गीकरांनी पसरलेले कागद गोळा केले. मग त्यांनी मला सगळं सरळ करून सांगितलं. मागावर कोण आहे हे आतले सुरुवातीलाच बघून हातात धरत होते. मग हजेरीच्या नावानं माझं कार्ड यायचं आणि त्या जागेवर मयत लिहिलं जायचं. पण मागाची जागा निराळी आहे असं वचन मिळालेलं, त्यामुळे आतले मागं वळून बघत नव्हते. शेवटी हातात धरलेला जिवंत नरसय्या यादीत छापायचे, आणि तोच परत जागेवर ठेवून द्यायचे. मयत पुसलं जायचं. पुढचा शनिवार पुन्हा पहिल्यापासून.

त्यांनी वचनाचं कार्ड काढून घेतलं. त्या शनिवारी काम पुन्हा संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत रेंगाळलं, मॅनेजर दोनदा येऊन कपाळाला आठ्या घालून गेले, आणि यादीत भिंतीकडच्या मागापुढं कोरी जागा आली. बदली कामगारानं सोमवारी लिंबूमिरची सोडून टाकली आणि माग सुरू केला.

इथंपर्यंत मला गंमत वाटत होती. पण त्या सोमवारी गेटवर एक बाई उभी होती. ती नरसय्याची बायको, लक्ष्मव्वा. वॉचमननं सांगितलं की ती दर सोमवारी येते. तिला वाचता येत नव्हतं. वॉचमन आत जाऊन फळा बघून यायचा आणि तिला सांगायचा, आहे नाव. मग ती घरी जायची. त्या दिवशी काय सांगावं हे त्याला कळेना म्हणून त्यानं आम्हाला बोलावलं. निंबर्गीकर गेले, त्यांच्यामागं मी. यादीत चूक होती आणि ती दुरुस्त केली, असं त्यांनी तिला हळू आवाजात सांगितलं.

तिनं विचारलं, "मंग आता नाव येनार न्हाय काय?"

निंबर्गीकर म्हणाले, नाही.

तिनं पदर सारखा केला, बरं म्हणाली, आणि गेली. रडली असती तर बरं झालं असतं. परत येताना निंबर्गीकर खात्याच्या दारात थांबले. आत दोनशे माग एका दमात धडधडत होते, भिंतीकडचाही. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आज मी त्याला मारलं, प्रमिलाबाई. इतके दिवस होता."

त्या दिवसापासून वरचा आवाज बंद झाला.

आईच्या मनासारखं झालं होतं, तर आईच बेचैन. मी झोपले की काय बघून ती उठायची आणि जिन्याखाली जाऊन उभी राहायची. वरून पावलांचा आवाज यायचा, भांड्याचा यायचा, हाक मात्र येत नव्हती. मला ती शांतता आधीच्या शांततेपेक्षा वाईट वाटायची. आधीच्या शांततेत कुणाची तरी पाळी असायची. एका सकाळी आई गच्चीवरून वाळवण काढून खाली आली आणि चुलीपाशी नुसतीच बसली.

"एकच कप हाय," ती म्हणाली.

पाहुणे येणार होते त्याच्या आदल्या दुपारी मी वर गेले. निंबर्गीकर खुर्चीत बसले होते, समोर दुसरी खुर्ची रिकामी. त्यांनी मला त्या खुर्चीत बसायला सांगितलं नाही, स्वतः उठून स्वतःची दिली आणि ट्रंकेवर बसले. खोली स्वच्छ होती. खिडकी उघडी होती. मी तयारी करून आणलेलं सगळं विसरले आणि सरळ विचारलं की कुसुम कोण.

ते उघड्या खिडकीकडे वळले. मग म्हणाले, सुमतीचं माहेरचं नाव.

लग्नात नाव बदलायचं हे त्यांच्या आईनं ठरवलं होतं, सुमती हे नावही आईनंच काढलं होतं. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं ते लिहिलं. नवरी वाकून वाचत होती. वाचून तिनं यांना अगदी हळू विचारलं की मग आता कुसुमचं काय करायचं? हे म्हणाले, तिला राहू दे. तेव्हापासून चारचौघांत, सासूसमोर, रेशनकार्डावर सुमती, आणि दार लावलं की कुसुम. स्वयंपाक सुमतीनं करायचा, त्याला नावं कुसुमनं ठेवायची. सुमती कधी कुणाला उलटून बोलली नाही. कुसुम मात्र यांना झोपू द्यायची नाही एवढं बोलायची. "मी तिला शब्द दिला होता," ते म्हणाले. "या दोघींची जागा मी एक होऊ देणार नाही."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "दवाखान्यात कागद दिला, त्यावर सुमती लिहिलं होतं. दहाव्याला भटजी सुमती म्हणाले. सगळ्यांनी सुमतीचंच सांगितलं. कुसुमबद्दल मला कुणी काही कळवलं नाही."

खाली आई डबे आपटत उद्याची तयारी करत होती.

"वचन खोटं आहे हे मला कळत नाही असं समजू नका," ते म्हणाले. "हातात धरलेलं आहे एवढंच. पण त्या सोमवारी त्या बाईला माझ्या तोंडानं सांगितलं, यादी दुरुस्त केली म्हणून. आणि घरी येऊन मी कुणाशी बोलत बसायचं? म्हणून हेही कार्ड काढून घेतलंय. चार दिवस झाले. उद्या तुमच्याकडे पाहुणे आहेत, आईंना सांगा, आता आवाज येणार नाही. हवं तर खोलीही सोडतो."

आईनं मला जे आणायला पाठवलं होतं ते सगळं माझ्या पदरात पडलं होतं. मी उठून खाली जायला मोकळी होते. पण मला गेटवरची लक्ष्मव्वा दिसत होती, पदर सारखा करून बरं म्हणणारी, आणि मला एकदम त्या माणसाचा राग आला. इतका हुशार माणूस आणि एवढं कसं कळत नाही.

मी म्हटलं, "साहेब, तिथं माग बंद पडला होता. म्हणून कार्ड काढावं लागलं. इथं कुठं कापड विणायचंय?"

त्यांनी मान तिरकी केली. मला वाटलं आता तो प्रश्न विचारणार. पण त्यांनी उठून स्टोव्ह पेटवला आणि चहा टाकला. तीन कप काढले. एक मला दिला, एक स्वतः घेतला, एक समोरच्या खुर्चीपाशी स्टुलावर ठेवला. आम्ही साखर कारखान्याबद्दल बोललो, श्रीपूरला मळीचा वास फार येतो म्हणतात, त्याबद्दल बोललो. मधेच ते खुर्चीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का, प्रमिलाबाई जाणार आता." आणि थांबले. मीही थांबले. खिडकीचं दार हललं, ते वाऱ्यानं हललं असणार.

उठताना मी स्टुलावरच्या कपाकडे बघितलं. तो रिकामा होता. मी खिडकीकडे बघत असताना त्यांनीच प्याला असेल, असं मी तेव्हाही मनाशी म्हटलं आणि आजही म्हणते.

खाली येऊन आईला सगळं सांगितलं. ती पोळीचं पीठ मळत होती. मळता मळता थांबली, मग पुन्हा मळायला लागली. वरच्या बाईला आता घालवायचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, "वरच्या बाईचं लोनचं खाल्लंस की तू." लोणचं आईचंच होतं, वहिनीच ते मागून न्यायच्या, पण मी तो विषय काढला नाही. साखरपुड्याच्या दिवशी दाराआडून एकदा हाक आली. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी दाराकडे बघितलं. आई त्यांना म्हणाली की आमचे भाडेकरू आहेत, नवराबायको, बाई बाहेर फारशी येत नाही.

लग्न मंगळवार पेठेतल्या कार्यालयात झालं. अक्षता द्यायला आई स्वतः वर गेली होती. माझंही नाव बदलायचं ठरलं होतं. ताटात तांदूळ आले, अंगठी फिरली, सुनंदा लिहिलं गेलं, सगळ्यांनी वाचलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी साध्या आवाजात, ऑफिसात मारावी तशी हाक मारली: प्रमिलाबाई. मी भर मांडवात मोठ्यानं ओ दिली. सासरकडच्या बायका हसल्या. मागच्या रांगेत निंबर्गीकर समाधानानं मान हलवत होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांनी रुमाल टाकून जागा धरली होती आणि तिथं कुणाला बसू दिलं नव्हतं.

पंगत बसली तेव्हाही त्यांनी शेजारच्या पानापुढं तोच रुमाल ठेवला. वाढपी पोरं ते पान ओलांडून पुढं जात होती. मी आणि माझा नवरा घास भरवायच्या गडबडीत होतो, पण माझं लक्ष तिकडेच होतं. आई बुंदीचं ताट घेऊन आग्रह करायला निघाली. एकेकाला वाढत वाढत निंबर्गीकरांपाशी आली, त्यांना वाढलं आणि क्षणभर थांबली. मग त्या रिकाम्या पानापुढं वाकली.

"कुसुम, थोडी तरी घे की," ती म्हणाली आणि एक पळी बुंदी वाढली.

निंबर्गीकरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि मी त्यांना ओळखत होते तेवढ्या सगळ्या काळात पहिल्यांदाच, बोटानं, शेजारच्या पानाकडे दाखवलं.

"बास म्हणते," ते म्हणाले. "तिला गोड फार लागत नाही."

आईनं बरं म्हटलं आणि पुढच्या पानाकडे गेली.